नदीचे मूळ अवश्य शोधावे

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. थोरांच्या जन्माची आणि पवित्र नदीच्या उगमाची फार चिकित्सा केल्यास श्रद्धेला धक्का बसण्याचा संभव असतो, तेव्हा शहाण्याने त्या वाटेला जाऊ नये, असा तिचा आशय. ऋषींच्या बाबतीत ती खुशाल खरी मानावी. परंतु जो गुहेत, घळीत किंवा ओढ्याच्या पात्रात पाऊल टाकणार आहे, त्याने मात्र पाण्याचे मूळ आधी शोधलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मांडण्यास कारण आहे. आपल्या मुलांत डोंगर-दऱ्या हिंडण्याची आवड वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. सहलीची याद्या करण्याची हौसही दांडगी असते. खाऊचा डबा, विजेरी, दोर, छायाचित्रांसाठी मोबाइल, सारे काही यादीत असते. केवळ दोन गोष्टी तीत नसतात : वरच्या अंगाला पाऊस किती झाला आणि पाणी आज कोठपर्यंत आहे. ज्या दोन गोष्टींवर परत येणे अवलंबून, त्याच विसरल्या जातात.

गुहा म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याला गुहा म्हटली की अजिंठा-वेरूळ आठवते. ती लेणी माणसाने छिन्नीने कोरली. निसर्गाच्या बहुतेक मोठ्या गुहा मात्र चुनखडीच्या खडकात पाण्याने कोरलेल्या आहेत. पावसाचे किंचित आम्लधर्मी पाणी फटींतून झिरपते, चुनखडी विरघळवते आणि हजारो-लाखो वर्षांत भुयारे निर्माण करते. अर्थात गुहा ही पाण्याने स्वतःसाठी केलेली वाट आहे. कोरड्या दिवसांत ती रिकामी दिसते, म्हणून ती आपली होत नाही. मालक बाहेरगावी गेला असता आपण त्याच्या घरात पाहुणे म्हणून शिरतो, इतकेच. मालक केव्हा परतणार, हे विचारल्यावाचून शिरणे यात शहाणपण नाही.

थायलंडच्या उत्तर सीमेवर च्यांग राय प्रांतात थाम लुआंग नावाची अशीच एक चुनखडीची गुहा आहे. तिची लांबी सुमारे 10 किलोमीटर. 23 जून 2018 रोजी फुटबॉलचा सराव आटोपून 12 मुले आपल्या 25 वर्षांच्या साहाय्यक प्रशिक्षकासह तीत शिरली. मुले 11 वर्षांपासून 16-17 वर्षांपर्यंतची, म्हणजे आपल्या शाळेतील मुलांच्याच वयाची होती. तासाभरात परतावयाचे, असा बेत होता. बाहेर पाऊस कोसळला, पाणी आत घुसले आणि परतीची वाट बुडाली. मुले मागे सरत सरत खोल गेली. 2 जुलै रोजी दोन ब्रिटिश पाणबुड्यांना ती सापडली, तेव्हा ती तोंडापासून सुमारे 4 किलोमीटर आत एका उंचवट्यावर बसलेली होती. 8 ते 10 जुलै ह्या तीन दिवसांत, गुंगीचे औषध देऊन, एकेकाला पाण्याखालून बाहेर आणण्यात आले. तेराही जण वाचले.

ह्या घटनेतील एक बारीकशी गोष्ट मला सर्वांत बोधप्रद वाटते. गुहेच्या तोंडाशी धोक्याचा फलक होता. जुलै ते नोव्हेंबर ह्या महिन्यांत गुहेत पाणी भरते, असे त्यावर लिहिले होते. मुले गेली ती जूनच्या 23 तारखेस. फलकाच्या हिशेबाने अजून आठवडाभर अवकाश होता! परंतु पाऊस पंचांग पाहून पडत नाही, की छापील फलक वाचून थांबत नाही. त्या प्रदेशात पावसाळ्याचा आरंभ साधारणतः मेच्या मध्यासच होतो. फलकाने महिना सांगितला. त्या दिवसाचे आभाळ सांगणे त्याच्या हाती नव्हते. ते पाहणे माणसाचे काम होते. नियम पाळणे आवश्यक आहे; पण नियमापाशी थांबणे पुरेसे नाही.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर 1 मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी होते बरोबर 1 लिटर. एक चौरस किलोमीटरवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 कोटी लिटर. ज्या डोंगराचे पाणी एका ओढ्याला मिळते तो 10 चौरस किलोमीटरचा असला आणि पाऊस 50 मिलिमीटर झाला, तर 50 कोटी लिटर! त्यातले काही जमिनीत मुरते हे खरे. परंतु आधीच्या दिवसांच्या पावसाने भूमी तृप्त झाली असेल तर मुरणे थांबते आणि जवळजवळ सारे पाणी वाहू लागते. म्हणून आजचा पाऊस विचारून भागत नाही, गेल्या आठवड्याचाही विचारावा लागतो. शिवाय हे पाणी आपल्या डोक्यावर पडले पाहिजे असे मुळीच नाही. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते. तिकडे धो धो पाऊस कोसळत असताना बेळगावात ऊन पडलेले आपण कितीदा तरी पाहतो. खाली ऊन आहे म्हणून नदी चढावयाची थोडीच थांबते! गुहेच्या तोंडाशी उभे राहून निरभ्र आकाशाकडे बोट दाखविणारा मनुष्य केवळ आपल्यापुरते आकाश पाहत असतो. नदीचे मूळ शोधावे म्हणतो ते ह्याच अर्थाने.

माझ्या मातृभाषेत, कोंकणीत, पुराला हुंवार म्हणतात. पाण्याचा रंग पालटला, त्यावर पालापाचोळा नि काटक्या वाहू लागल्या, आवाज वाढला, की गावची वडीलधारी माणसे मुलांना हाक मारून काठावर बोलावीत. ही खूण गुहेतही लागू पडते. भिंतींच्या सांदीत, छताजवळ काटक्या अडकलेल्या दिसल्या, तर पाणी पूर्वी तेथवर चढले होते एवढे निश्चित समजावे. स्वच्छ झरा गढूळ होऊ लागला तर पुढचे पाहण्याचा मोह सोडून तत्काळ परतावे. मात्र ही शेवटची सूचना होय; पहिली सूचना घरीच घ्यावयाची असते. भारतीय हवामान विभाग रोज जिल्हावार अंदाज आणि रंगांच्या खुणांनी इशारे देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, लाल म्हणजे तत्काळ कृती करा. क्रिकेटचा धावफलक तासातासाला पाहणाऱ्या मुलांना हे पाहणे अवघड का वाटावे?

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. पहिला तरुणांचा : इतका विचार करीत बसल्यास साहस ते काय उरले? हा आक्षेप ऐकावयास शूर वाटतो, पण तो टिकत नाही. मेघालयातील लांबलचक गुहा ज्यांनी धुंडाळल्या आणि मोजल्या, त्या देशी-परदेशी पथकांनी ते काम कोरड्या ऋतूत केले. ती माणसे भित्री होती काय? थाम लुआंगची सुटका हे तर अलीकडच्या काळातील मोठे साहस. त्यातही 8 जुलै हा दिवस ठरला तो पाण्याची पातळी, आतील घटता प्राणवायू आणि येऊ घातलेला पाऊस पाहूनच. शूरांनी आधी आभाळ वाचले, मग उडी घेतली. उलटपक्षी केवळ अनुभव तारक होत नाही. 24 जून 1967 रोजी इंग्लंडात यॉर्कशायरमधील मॉसडेल गुहेत सहा तरुण पुराच्या पाण्यात मरण पावले. ते नवशिके नव्हते. ते आत असताना बाहेर मोठा पाऊस झाला, ओढा चढला आणि चढत्या पाण्यापुढे त्यांचे कौशल्य निरुपाय झाले.

दुसरा आक्षेप काही पालकांचा आणि, खरे सांगावयाचे तर, आम्हा शिक्षकांपैकीही काहींचा : ही नसती उठाठेव हवीच कशाला? सहली बंद करा. माझ्या मते हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. ज्या मुलाला मोठ्यांच्या संगतीत पाणी वाचावयास शिकविले नाही, ते उद्या कोणाला न सांगता मित्रांबरोबर धबधब्यावर जाणारच. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात उभे असलेल्या एकाच कुटुंबातील पाच जणांना वाढत्या पाण्याने वाहून नेले. ती जागा काही दुर्गम अरण्यातली नव्हती. आणि त्यांच्यात लहान मुलेही होती. बंदीने पाय थोडे दिवस थांबतात. डोळे उघडतात ते शिक्षणानेच.

'माझा जीव, माझी मर्जी' असेही कोणी म्हणेल. ते खरे नाही. थाम लुआंगच्या मुलांसाठी थायलंडच्या नौदलातील माजी जवान समान कुनान स्वेच्छेने आला. हवेच्या नळकांड्या आत पोहोचवून परत येताना 6 जुलै 2018 रोजी त्याचा अंत झाला. गुहेतून उपसलेले पाणी आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या भातशेतीत शिरले, पीक बुडाले. तरी त्यांतील कित्येकांनी नुकसानभरपाई नको म्हटले. ज्या किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ आपल्या बेळगावात सायकलींच्या दुकानाने झाला, त्याच घराण्याच्या कंपनीचे तज्ज्ञ पाणी उपसण्याच्या कामी तेथे गेले होते, ह्याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि वाटावा. परंतु एका तासाच्या सहलीची किंमत किती दूरच्या, किती अनोळखी माणसांनी मोजली, हेही त्या अभिमानाबरोबर ध्यानात ठेवावे.

त्या तरुण प्रशिक्षकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. मुले अजून आत असतानाच त्यांच्या पालकांनी, स्वतःला दोष देऊ नकोस, असे पत्र त्याला पाठविले होते. त्या मातापित्यांना जे औदार्य साधले, ते आपणही दाखवावे. दोष हुडकण्याऐवजी सवय जडवावी, हे अधिक हिताचे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक बसवावा आणि आठवीच्या मुलांनी पावसाळाभर रोजचा आकडा फळ्यावर लिहावा. प्रत्येक सहलीपूर्वी एक कागद भरावा. त्यावर पाच गोष्टी असाव्यात : गेल्या आठवड्याचा पाऊस, त्या दिवसाचा अंदाज, पाणी कोठून येते, परतण्याची ठरलेली वेळ, आणि ती टळल्यास कोणाला कळवावयाचे. स्थानिक गावकऱ्याला विचारून मगच पुढे जावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, 'परत फिरू या' असे सर्वांत लहान मुलाने म्हटले तरी त्याला कोणी हसू नये. परत फिरणाऱ्याला गुहा पुढच्या वर्षीही तेथेच सापडते.

विद्यार्थिमित्रहो, खुशाल हिंडा, डोंगर चढा, संधी मिळाल्यास गुहांतील अंधारही पाहून या. परंतु आत पाऊल टाकण्यापूर्वी एकदा मागे वळून डोंगराकडे पाहा आणि विचारा : ह्या पाण्याचे मूळ कोठे आहे, आणि आज तेथे काय चालले आहे? उत्तर मिळेपर्यंत बाहेर थांबणे, हीही साहसाचीच पहिली पायरी आहे.