उंची मोजली, औषध मोजले का?

सातारा-सांगलीकडच्या शालेय विज्ञान प्रदर्शनांत मी अधूनमधून परीक्षक म्हणून जातो. अशाच एका ठिकाणी हळदीच्या दोन कुंड्या होत्या. एकीवर जिबरेलिन फवारलेले, दुसरीवर नाही. फवारलेले झाड वीतभर उंच. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘संप्रेरकामुळे औषधी गुण वाढले’.

“कशाने मोजले?” मी विचारले. मुलाने पट्टी दाखवली!

मुलगा हुशार होता. आपल्याकडे जिबरेलिनची ओळख होते ती तासगावच्या द्राक्षबागांतून. तिथे त्याला नुसते ‘जीए’ म्हणतात. द्राक्षाच्या बीमधून जिबरेलिन मिळते व मणी फुगतो. थॉमसन सीडलेससारख्या बिनबियांच्या जातीत हा पुरवठा तोकडा, म्हणून घड द्रावणात बुडवतात. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम, म्हणजे दशलक्षात अवघे १० भाग, एवढ्यानेही फरक पडतो. द्राक्षाला भाव मिळतो तो मण्याच्या आकारावर, तेव्हा तिथे पट्टी पुरते.

हळदीचे तसे नाही. तिचे कर्क्युमिन जमिनीखालच्या कंदात असते, आणि जिबरेलिनचे ठळक काम म्हणजे खोडातील पेशी लांबवणे. १९२६ साली कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवले, की भाताची रोपे उंच व फिकट होतात ती एका बुरशीने तयार केलेल्या द्रव्यामुळे. तेच हे जिबरेलिन. म्हणजे उंची हे तिथे रोगाचे लक्षण होते!

समजा, वाळलेल्या १०० ग्रॅम कंदात ४ ग्रॅम कर्क्युमिन आहे. फवारणीनंतर कंद १२५ ग्रॅम भरला, पण कर्क्युमिन ४ ग्रॅमच राहिले. शेतकऱ्याचे वजन वाढले. चमच्याने पूड घेणाऱ्याला मात्र औषध पाचव्या हिश्श्याने कमी मिळाले. उलटही घडू शकेल. पण मोजल्यावाचून कसे कळणार? न मोजलेल्या गुणाला बक्षीस देणे आम्ही परीक्षकांनीच थांबवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी शिकवतो पदार्थविज्ञान, म्हणून एक उपाय सुचवतो. दोन्ही कुंड्यांतील हळदीची सारख्या वजनाची पूड सारख्याच स्पिरिटमध्ये भिजवून गाळा (जवळ ज्योत नको, आणि शिक्षक हवेत). द्रावण पिवळे दिसते, कारण ते निळा प्रकाश शोषते. तेव्हा निळ्या एलईडीचा प्रकाश त्यातून प्रकाशसंवेदी रोधावर पाडा व रोध मोजा. पिवळी रंगद्रव्ये जास्त, तितका पलीकडे प्रकाश कमी. द्रावण फार गडद असेल तर दोन्ही सारखीच पातळ करा. आणखी एक. जिबरेलिनची पूड आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवली असेल, तर दुसऱ्या कुंडीवर तितकेच स्पिरिट घातलेले पाणी फवारा. नाहीतर तुलना कशाची झाली हेच कळणार नाही. कुंड्याही दोन नकोत, निदान दहा-दहा हव्यात.

हळद मे-जूनमध्ये लावाल, तर काढणीला जानेवारी-फेब्रुवारी उजाडेल. प्रदर्शन बहुधा त्याआधीच उरकलेले असते, तेव्हा यंदाच्या कुंड्यांचा निकाल पुढच्या वर्षी मांडावा लागेल.