भिंतींतला पिंपळ

बोनसाय, म्हणजे उथळ कुंडींत वाढविलेला लहानसा वृक्ष, हा शब्द निघतांच आपल्याकडील कित्येक सुशिक्षित माणसें कपाळास आठ्या घालतात. झाडाचे हातपाय छाटून त्यास आयुष्यभर खुजें ठेवणें हा क्रूरपणा होय, असें त्यांचें म्हणणें. ह्या आक्षेपांत दयाबुद्धि आहे, म्हणून तो हंसण्यावारी नेऊं नये; परंतु नागपुरांत राहणारानें तो घेण्यापूर्वीं एकवार जुन्या भिंतींकडे पाहावें.

महालांतील वाडे घ्या, सीताबर्डीवरील जुनीं घरें घ्या, किंवा आपल्या शाळेची मागची इमारत घ्या. जिच्या भेगेंत पिंपळ, उंबर अथवा वड रुजला नाहीं अशी जुनी भिंत विरळाच. हरियाल, मैना, बुलबुल हे पक्षी त्यांचीं फळें खातात. बीं विष्ठेबरोबर भेगेंत पडतें आणि पावसाळ्यांत अंकुरतें. मूठभर चुना व धूळ हीच त्याची जमीन, आणि वैशाखांत माथ्यावर पंचेचाळीस अंशांचें ऊन! असा पिंपळ वर्षानुवर्षें हातभरच राहतो. पण खोड मनगटाएवढें जाड, मुळें भेगेच्या आकारानें चपटीं झालेलीं. त्यास खुजें कोणीं केलें? माळ्यानें खास नव्हे. पुढें त्याचें काय होतें हें सर्वांस ठाऊक आहे. मुळें फुगून भिंत फुटूं लागली कीं गवंडी येतो, कोयत्यानें तो तोडतो आणि बुंध्यावर तेजाब ओततो. पिंपळास हात लावावयास कचरणारे गवंडीहि मीं पाहिले आहेत. पण घरधनी शेजारीं उभा राहिला कीं त्यांचा नाइलाज होतो.

असें झाड सोडवून कुंडींत लावणें ह्यास क्रूरपणा म्हणावयाचें असेल, तर दयेसाठीं कोणता शब्द उरला तें आक्षेपकांनींच सांगावें. शिवाय हीं झाडें उपाशी ठेवून लहान राखतात हा समज निराधार आहे. त्यांस खतपाणी नियमानें लागतें. तीं लहान राहतात तीं शेंडे खुडल्यानें आणि दोन-तीन वर्षांनीं मुळें छाटल्यानें.

कोणी म्हणतील, पिंपळ हा पूज्य वृक्ष. तो उपटून कुंडींत कसा घालावा? ह्याचें उत्तर आपल्या गांवांतच आहे. दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष श्रीलंकेंतील अनुराधपुराहून आणलेल्या फांद्यांपासून वाढला, आणि अनुराधपुरचा वृक्ष ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत बोधगयेहून नेलेल्या फांदीचा, अशी परंपरा आहे. जें पावित्र्य समुद्र ओलांडून आलें, तें भिंतींतून कुंडींत येतांना गळून पडेल असें मला वाटत नाहीं.

माझा कटाक्ष निराळ्याच गोष्टीवर आहे. भिंतींत मिळत नाहीं म्हणून गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या रानांत कुदळ घेऊन जाणारे हौशी लोक असतात. राखीव जंगलांतून असें कांहीं काढून नेणें १९२७ च्या भारतीय वन कायद्यानें गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी तें निंद्यच. जपानांत डोंगरांतून झाडें आणून बोनसाय करण्यास यामादोरी म्हणतात. तेथील शिंपाकु नांवाचा जुनिपर कड्यांवरून इतका काढला गेला कीं रानांत तो दुर्मिळ होऊन बसला. रानांतलें झाड आपल्या जागीं आहे, भिंतींतलें नाहीं. एवढा भेद ज्यास कळत नाहीं त्यानें ह्या छंदाच्या वाटेस जाऊं नये.

ज्यास कळतो त्यानें जूनअखेर, चांगला पाऊस झाल्यावर, छिन्नी-हातोडी घ्यावी. भोंवतालचा चुना फोडावा. झाड ओढूं नये. जाड मूळ तुटलें तरी धीर सोडूं नये, कारण वड-पिंपळ तुटल्या जागेजवळून नवीं मुळें फोडतात. पानें काढावीं, चीक थांबूं द्यावा, आणि झाड ओल्या गोणपाटांत गुंडाळून आणावें. आपली काळी माती कुंडींत मुळींच नको; ओली असतां ती चिकटते, वाळतांच भेगाळून कोंवळीं मुळें तोडते. कन्हानची जाड रेती, विटांचे वाटाण्याएवढे तुकडे आणि थोडें पानांचें खत पुरे. थोड्याच आठवड्यांत कोंब फुटतात, आणि येथेंच अधीर विद्यार्थी फसतो. ते कोंब बहुधा खोडांतील सांठ्यावर आलेले असतात. खालीं मुळांचा पत्ताहि नसतो. वर्षभर कुंडी सावलींत, हलवाहलव नाहीं, तार नाहीं. उथळ ताट त्यानंतर; आणि नागपूरच्या मे महिन्यांत त्यास दिवसांतून दोनदां पाणी घालावयास घरीं कोणी असेल तरच.

ग्रंथालयाच्या मागील भिंतीची डागडुजी येत्या पावसाळ्यापूर्वीं व्हावयाची आहे. तेथें दोन पिंपळ व एक उंबर आहे. काम जूनअखेरपर्यंत लांबवावें अशी विनंति मुख्याध्यापकांस केली आहे. उंबर छपराच्या वळचणीखालीं असल्यामुळें त्यास शिडी लागेल.