मेडिकलमध्ये मिळतं म्हणून

संध्याकाळी साडेसातनंतर आमच्या डोंबिवलीच्या दुकानात जी गर्दी होते, त्यातली निम्मी माणसं लोकलमधून उतरून थेट आलेली असतात. कुणाला बीपीची गोळी हवी असते, कुणाला बाळाचे डायपर, कुणाला कंबरदुखीचा स्प्रे. आणि अलीकडे हमखास एक प्रश्न येतो, "वजनाचं काही आहे का?" विचारणाऱ्यांत लग्न ठरलेल्या मुली असतात, बाळंतपणानंतर अंग न उतरलेल्या आया असतात, आणि आता पुरुषही बरेच. मोबाइलवर डब्याचा फोटो तयारच असतो. मी तो ठेवत नाही म्हटलं की चेहरा पडतो. "ताई, पुढच्या मेडिकलमध्ये आहे की!" आहेच. तिथे तो कॅल्शियमच्या गोळ्यांशेजारी, अगदी डोळ्यांसमोरच्या फळीवर आहे.

माझा आक्षेप त्या फळीला आहे. वजन उतरवणारे हे डबे विष असतात असं मी म्हणत नाही, बहुतेक नसतातही. पण औषधांच्या रांगेत उभे राहून ते औषधांची पत उसनी घेतात. 'मेडिकलमध्ये मिळतं, म्हणजे कुणीतरी तपासलेलं असणारच,' असं गिऱ्हाईक धरून चालतं. प्रत्यक्षात कायद्यानं ते खाद्यपदार्थ आहेत. त्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना असतो, तसा तो फरसाणाच्या पुडीवरही असतो. नवं औषध बाजारात आणायचं तर त्याचा गुण येतो हे माणसांवर चाचण्या करून दाखवावं लागतं. या डब्यांना, ओळखीचे आणि मान्यताप्राप्त घटक ठरल्या प्रमाणात घातले, की ती पायरी चढावीच लागत नाही.

डबा हातात घेऊन नीट वाचा. पुढच्या बाजूला हिरवं पान, कमरेला टेप गुंडाळलेली बाई आणि चरबी 'जाळण्याची' भाषा. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत गार्सिनियाचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, कॅफिन. त्याखाली 'औषधी वापरासाठी नाही'. पुढच्या दाव्याच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी असते. तिचा खुलासा शोधायला मी चष्मा पुसून घेते : 'योग्य आहार व नियमित व्यायामासोबत घेतल्यास.' म्हणजे काम चांदणीनं करायचं आणि पैसे कॅप्सूलनं घ्यायचे.

गार्सिनियाचंच घ्या. आपलं कोकम त्याच कुळातलं. डब्यातला प्रकार म्हणजे केरळात माशाच्या कालवणात पडते ती कुडमपुळी. सोलकढी पिऊन कोकणात कुणी बारीक झाल्याचं ऐकिवात नाही, पण ते असो. १९९८ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात या अर्काची चाचणी प्रसिद्ध झाली. १३५ जण, बारा आठवडे, सगळ्यांना सारखाच कमी उष्मांकाचा, भरपूर तंतूंचा आहार. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना त्याच्यासारखी दिसणारी पोकळ गोळी. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं, पोकळ गोळीवाल्यांचं ४.१ किलो. हा फरक शास्त्राच्या हिशेबात धरण्याजोगा नव्हता, पण वजन कशानं उतरलं ते स्पष्ट दिसलं : आहारानं. या गोष्टीला पाव शतक उलटून गेलं आणि गार्सिनिया अजून जोरात खपतोय.

निरुपद्रवी तरी म्हणावं, तर तसंही सरसकट म्हणता येत नाही. कपातला ग्रीन टी वेगळा आणि त्याचा घट्ट अर्क वेगळा. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं २०१८ मध्ये सांगितलं, की या अर्कातला मुख्य घटक पूरकांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटात गेला, तर यकृताची विकरं वाढू शकतात. आमच्याकडे कावीळसदृश तक्रार घेऊन येणारा माणूस 'काही गोळ्या चालू आहेत का?' या प्रश्नाला 'नाही' म्हणतो. डब्यातल्या कॅप्सूल तो गोळ्यांत धरतच नाही.

त्याहून मला धास्ती वाटते ती खरोखर गुण येणाऱ्या 'हर्बल' पुडीची. "ताई, दोन दिवसांत भूकच गेली हो," असं कुणी खूश होऊन सांगितलं की मी ती पुडी मागवून घेते. सिब्युट्रामाइन नावाचं भूक मारणारं औषध पूर्वी चिठ्ठीवर मिळायचं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेलं, २०११ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. पण ते संपलं नाही. स्लिमिंग कॉफी, 'नैसर्गिक' कॅप्सूल यांत ते लेबलवर न लिहिता मिसळलेलं अमेरिकेच्या औषध प्रशासनाला पुन्हापुन्हा सापडलंय. डब्यात नुसती पानं-फुलं असतील तर भूक अशी एका रात्रीत पळत नाही.

मग लोक का घेतात? मूर्ख असतात म्हणून नाही. सकाळची ७.१२ पकडणारा माणूस रात्री साडेनऊला घरात शिरतो, दहाला जेवतो, अकराला आडवा होतो. मध्ये आठ तास खुर्ची, जाता-येता वडापाव. त्याला 'रोज चाला' म्हणणं म्हणजे कुठून चाला, फलाटावरून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातल्या २०.६ टक्के स्त्रिया आणि १८.९ टक्के पुरुषांचं वजन प्रमाणाबाहेर होतं. २०१९-२१ मध्ये हे आकडे २४ आणि २२.९ झाले. चार-पाच वर्षांत एवढी माणसं अचानक आळशी झाली असं मला वाटत नाही.

त्यात आपल्या अंगकाठीचा घोळ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली होती. दोघांचा बीएमआय हुबेहूब २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून मी गल्ल्याशेजारी शिंप्याची टेप ठेवते. पोटाचा घेर पुरुषाचा नव्वद सेंटिमीटर आणि बाईचा ऐंशीच्या पुढे गेला, तर डब्याची नाही, डॉक्टरची आणि रक्तातली साखर तपासायची वेळ आहे. टेप लावून घ्यायला मात्र पुरुष फार लाजतात.

आता वजनाची इंजेक्शनं आली आहेत. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरलं, आणि बंद केल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत चढलं. हे दोन्ही छापलेलं आहे, मळमळ-उलट्याही छापलेल्या आहेत, आणि चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही. साखरपुड्याच्या घागऱ्यासाठी ते मागणाऱ्यांना मी परत पाठवतेच. पण विरोधाभास बघा. ज्याचा गुण सिद्ध झालाय त्याला कुलूप, आणि ज्याचा झाला नाही ते हाताशी.

१९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात, ज्या व्याधींवरच्या औषधांची जाहिरात करता येत नाही त्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणून डब्यावर 'लठ्ठपणा' कधीच नसतो, 'वेट मॅनेजमेंट' असतं. किंमत नियंत्रणातल्या औषधावर आम्हा किरकोळ विक्रेत्यांना सोळा टक्के मिळतात. या डब्यांवर तसं बंधन नाही, शिवाय स्कीम असते. फळीवरची जागा कोण पटकावणार हे तिथेच ठरतं.

मला बंदी नको आहे. डब्याच्या पुढच्या बाजूला, नावाइतक्याच ठळक अक्षरांत आणि मराठीतून, 'हे औषध नाही, याने वजन उतरते हे सिद्ध झालेले नाही' असं छापावं, आणि औषधांच्या दुकानातून हा माल काढावा. महाराष्ट्रात अन्न आणि औषध दोन्ही एकाच प्रशासनाखाली आहेत, तेव्हा ही मागणी केंद्राकडे लावून धरायला दोन खात्यांत फाइल फिरवायची गरज नाही. आमच्या धंद्यातले म्हणतील, आपण नाही ठेवला तर लोक ऑनलाइन मागवतील. मागवू देत. निदान त्यावर आमच्या फार्मासिस्टच्या परवान्याची छाप तरी नसेल.