बाकड्यापुरते नागरिक

"लोकांना काय विचारायचं? त्यांना दारापुढचा खड्डा दिसतो, वीस वर्षांनंतरचं शहर दिसत नाही." हे वाक्य मी अधिकाऱ्यांकडून ऐकलं आहे, नगरसेवकांकडून ऐकलं आहे आणि चांगल्या शिकल्यासवरल्या मित्रमंडळींकडूनही. ते इतक्या सहज बोललं जातं की त्याला पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. मला तो मागायचा आहे. शहराचा पुढचा पल्ला ठरवताना रहिवाशांना दाराबाहेर उभं करणारा सगळा कारभार या एका वाक्याच्या आधारावर चालतो, आणि ते वाक्य खोटं आहे असं माझं ठाम मत आहे.

पुण्याचंच उदाहरण घेऊ. २००६-०७ पासून पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवते. असा प्रयोग करणाऱ्या देशातल्या पहिल्या शहरांत पुणं होतं, याचं श्रेय मोकळ्या मनानं द्यायला हवं. अर्ज निघतात, क्षेत्रीय कार्यालयात भरून दिले जातात. पण त्या अर्जात मागता काय येतं? पदपथाची दुरुस्ती, दिव्याचा खांब, बसथांब्याची शेड, बाकडं. एका कामाचा खर्च काही लाखांच्या आत बसला पाहिजे. नदीचं काय करायचं, धरणाचं पाणी कुणाला किती द्यायचं, पुढची वीस वर्षं पैसा उड्डाणपुलांत घालायचा की बसगाड्यांत, हे त्या अर्जात कुठेच विचारलेलं नसतं. अर्जात बाकड्यापुरती जागा ठेवायची आणि माणसानं बाकडं मागितलं की म्हणायचं, बघा, यांची झेप बाकड्यापर्यंतच! जो प्रश्न विचारलाच नाही त्याचं उत्तर आलं नाही म्हणून लोकांना आखूड नजरेचं ठरवणं हा उघड अन्याय आहे.

आणि बाकडं मागणं तरी हलकं का समजायचं? सत्तरीतली बाई घरापासून बसथांब्यापर्यंत एका दमात चालू शकत नाही, म्हणून मध्ये टेकायला जागा मागते. शहरात म्हातारी माणसं वाढणार आहेत, ती पायी आणि बसनं फिरणार आहेत आणि रस्ता त्यांच्यासाठीही असला पाहिजे, एवढं सगळं त्या एका मागणीत आहे. ते वाचून घेणारा कुणी तिथं बसलेला नसतो, इतकंच.

ज्या ठिकाणी लोकांनी स्वतःहून मोठा प्रश्न हातात घेतला, तिथं काय झालं? पुण्याच्या टेकड्या बघा. १९९७ मध्ये २३ गावं महापालिकेत आली आणि त्यांच्याबरोबर टेकड्यांचे उतारही आले. ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यानासाठी राखून ठेवण्याची कल्पना आराखड्याच्या कागदावर आली खरी, पण कागदावरचं आरक्षण किती दिवस तग धरतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बांधकामाला थोडी सूट द्या, थोडी अजून द्या, असा रेटा वर्षानुवर्षं होता. त्याच्याविरुद्ध सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, टेकडीवर माणसांची साखळी केली ती रोज सकाळी तिथं फिरायला जाणाऱ्यांनी. २०१५ मध्ये शासनानं ते आरक्षण मंजूर केलं. वेताळ टेकडीच्या पोटातून रस्ता काढायचं ठरलं तेव्हाही 'आमची दहा मिनिटं वाचतील' असं न म्हणता 'आमच्या नातवंडांना भूजल आणि सावली हवी' असं म्हणत लोक रस्त्यावर उतरले. यातली दूरदृष्टी कुणाची? अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. रहिवासी तिथंच राहतो, त्याची मुलं तिथंच शाळेत जातात आणि त्याच्याच विहिरीचं पाणी खाली जातं. लांबचं बघण्याची गरज त्यालाच सगळ्यात जास्त आहे.

टेकडीच्या या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, ती लपवून मला वाद जिंकायचा नाही. त्या उतारांवर कुणाच्या तरी वाडवडिलांची जमीन होती. आरक्षण पडलं, मोबदल्याचा प्रश्न लोंबकळत राहिला आणि वैतागलेल्या मालकांच्या जमिनींवर गुपचूप बांधकामं उभी राहिली. सकाळी फिरायला जाणारे आणि जमीनमालक एका खोलीत समोरासमोर कधी बसलेच नाहीत. दोघंही मंत्रालयाकडे तोंड करून वेगवेगळे ओरडत राहिले. त्यांना एकत्र बसवणारी जागाच कुठे नव्हती.

दुसरा पूर्वपक्ष असा की नगररचना हा तज्ज्ञांचा विषय आहे. मान्य. सांडपाण्याच्या वाहिनीचा व्यास मतदानानं ठरवा असं कुणीच म्हणत नाही. पण वाहिनी आधी कुठल्या वस्तीत जावी हा प्रश्न व्यासाचा राहत नाही. तो न्यायाचा होतो, आणि न्यायाची पदवी कुठल्या महाविद्यालयात मिळत नाही. शिवाय तज्ज्ञांच्या हातूनही काय होतं ते पुणेकरांनी बघितलं आहे. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल उभे राहून पंधराएक वर्षं होतात न होतात तोच २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडावे लागले. त्यांच्या नकाशांवर पदवीधर अभियंत्यांच्याच सह्या होत्या. मुंबईचा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा २०१५ च्या फेब्रुवारीत बाहेर आला, तेव्हा उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले दिसले, वारसा वास्तू नकाशातून गळालेल्या दिसल्या. त्या चुका शोधल्या गल्लीबोळांतल्या माणसांनी. दोन महिन्यांत सरकारला तो मसुदा मागे घ्यावा लागला. आधी विचारलं असतं तर त्या चुका छापल्याच गेल्या नसत्या.

"लोकप्रतिनिधी आहेत की!" हे तिसरं उत्तर. २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं पुणे आणि मुंबई प्रशासकांच्या हातात होती. त्या काळात कोट्यवधींची कामं ठरली आणि सुरूही झाली. त्या वेळी प्रतिनिधी कुठं होते? २०२६ च्या जानेवारीत निवडणुका झाल्या, पुण्यात त्या बहुतेक ठिकाणी चार-चार सदस्यांच्या प्रभागांत. ३५ लाखांवर लोकसंख्येचं पुणं ४१ प्रभागांत वाटलेलं आहे. एका प्रभागात पाऊण लाखाच्या वर माणसं आणि चार नगरसेवक. आपल्या गल्लीचं गाऱ्हाणं यांतल्या कुणाकडे न्यायचं हे चांगल्या जाणत्या माणसालाही सांगता येत नाही. निवडणूक हवीच. पण पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावली म्हणजे नागरिकाचं म्हणणं ऐकून झालं, हे मला कबूल नाही.

'लोकांना विचारण्यात वेळ जातो' या आक्षेपाला आकडेच उत्तर देतात. पुण्याचा आधीचा आराखडा १९८७ चा, नवा २००७ ते २०२७ साठीचा. तो लोकांपुढे आला २०१३ मध्ये. म्हणजे नागरिकानं तोंड उघडण्याआधीच सहा वर्षं गेली होती. मग सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या, २०१५ मध्ये शासनानं आराखडा महापालिकेकडून काढून घेतला आणि २०१७ च्या जानेवारीत मंजूर केला. वीस वर्षांच्या आराखड्याची दहा वर्षं मंजुरीतच संपली. ८७ हजार हरकतींनी उशीर झाला असं सांगितलं जातं. मला वाटतं, एवढ्या हरकती आल्या याचाच अर्थ आधी कुणालाच विचारलं नव्हतं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानं नागरिकाला जागा दिली ती मसुदा छापून झाल्यावर, हरकत घेण्यासाठी. भिंत बांधून झाल्यावर घरमालकाला विचारायचं, खिडकी कुठं हवी होती, आणि मग तो भिंत फोडायला लावतो म्हणून त्याच्यावर रागवायचं, अशातला हा प्रकार आहे.

आता खरा अवघड आक्षेप. बैठकांना येतं कोण? निवृत्त माणसं, सोसायट्यांचे अध्यक्ष, बोलायची सवय असलेले. दिवसाची हजेरी बुडते म्हणून घरकाम करणारी बाई येत नाही, हातगाडीवाला येत नाही. त्यामुळे लोकसहभाग म्हणजे खाऊन-पिऊन सुखी असलेल्यांचा सहभाग, असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेते, कारण ते खरं आहे.

एका शहराच्या आराखड्याच्या सुनावणीला मी गेले होते. बोळवजा जागेत भिंतीला नकाशे लावलेले, रंगांची सूची इंग्रजीत. पन्नाशीची एक बाई नकाशासमोर उभी होती. हातातल्या पिशवीत रेशनकार्ड आणि वीजबिल. तिला तिचं घर सापडत नव्हतं. एका मुलानं मदत केली, "हा नाला बघा मावशी, हा पूल, म्हणजे तुम्ही इथं." तिच्या वस्तीच्या जागी हिरवा रंग होता. उद्यानाचं आरक्षण. मला वाटलं आता ही रडेल किंवा भांडेल. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "शाळा कुठं दावलीय? पोरींना हा मोठा रस्ता ओलांडावा लागतो. अजून गाड्या वाढल्या तर कशा जातील?" टेबलापलीकडच्या माणसानं अर्ज पुढे सरकवला. त्यात नाव, सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, हरकत असे रकाने होते. तिचा प्रश्न कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

ती बाई तिथं एकटी होती, कारण बाकीच्यांना कामावरून सुट्टी नव्हती. दोष त्या बैठकीच्या वेळेचा, जागेचा आणि भाषेचा होता. त्यावर इलाज बैठका बंद करणं हा नव्हे. रात्री आठनंतर, वस्तीतल्या समाजमंदिरात, मराठीत बैठक घ्या, मग बघा कोण येतं. ज्यांना आपण अडाणी समजतो त्यांना शहराचं किती कळतं, हे त्यांनी पुण्यातच दाखवून दिलं आहे. कचरा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. काय विकलं जातं, काय कुजतं, कुठल्या सोसायटीत वर्गीकरण होतं आणि कुठं होत नाही, हे त्या बायांइतकं कुठल्याही सल्लागार कंपनीला ठाऊक नाही.

मग काय हवं? आपल्याकडे नमुना आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' असं म्हटलं. तिथं अभ्यासगटात आधी प्रश्न समजून घेतला जातो, बाहेरच्या जाणकारांनाही बोलावलं जातं, मग ग्रामसभा एकमतानं ठरवते. २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जंगल म्हणजे पिढ्यांचा हिशेब, आणि तो गावकरी राखताहेत. त्याच २००९ साली आपल्या विधिमंडळानं शहरांसाठीही ग्रामसभेसारख्या क्षेत्रसभेची तरतूद केली. खेड्यात २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला ग्रामसभेची दवंडी पिटली जाते. तुमच्या प्रभागात क्षेत्रसभा भरल्याचं तुम्ही कधी ऐकलं आहे का? गावातून शहरात आलेला माणूस वीज, नळ, दवाखाना मिळवतो आणि सभेत उभं राहून विचारायचा हक्क मात्र हरवून बसतो.

होळकरांच्या इंदूरची एक गोष्ट मला नेहमी आठवते. १९१७ चा सुमार, शहरात प्लेग. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार तिथं आराखड्याचं काम करत होते. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले ते हेच. लोक त्यांच्याकडे संशयानं बघत, कारण नकाशा घेऊन हिंडणारा माणूस म्हणजे घर पाडणारा. गेडिस यांनी दिवाळीला मिरवणूक काढायचं ठरवलं. मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार? जो मोहल्ला आपली घरं, गल्ल्या सगळ्यात चांगल्या साफ आणि दुरुस्त करील त्याच्या दारावरून. लोकांनी शहर घासूनपुसून काढलं. मिरवणुकीत झाडूवाले स्वच्छ कपड्यांत, हार घालून चालले, आणि घाणीच्या राक्षसाचं शेवटी दहन झालं. गेडिस यांचा आग्रह होता की आधी पायी फिरून पाहणी, मग आराखडा. शंभर वर्षांनंतर आपण मागतो आहोत तेही तेवढंच आहे.

पुण्याच्या आराखड्याच्या नावातलं २०२७ साल येऊन ठेपलं आहे. नवी गावं शहरात आली आहेत आणि नवे नकाशे लागणारच आहेत. तेव्हा पहिली रेघ ओढण्याआधी प्रत्येक क्षेत्रसभेपुढे पाच-सहा मोठे प्रश्न मराठीत छापून ठेवा: पाणी, नदी, टेकडी, घरं, बस, शाळा. सोबत पैसा किती आहे तेही सांगा, म्हणजे एक घेतलं तर दुसरं सोडावं लागेल हे लोकांना आपापसांत भांडून ठरवता येईल. त्यांचं ज्या ठिकाणी ऐकलं नाही, तिथं का नाही ते लेखी, सहीनिशी कळवा. नकाशा वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर वर्षभर राहू द्या, इतका मोठा की आपलं घर चष्मा न लावताही सापडावं. आणि अर्जाच्या कागदावर 'हरकत' या रकान्याच्या वर आणखी एक मोठा, रिकामा रकाना हवा: इथं वीस वर्षांनी काय असावं?