चिमूटभर माती

गेल्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांसमवेत रायगडास जाण्याचा योग आला. गड उतरल्यावर पायथ्याच्या पाचाड गावी राजमाता जिजाबाईंच्या समाधीपाशी आम्ही थांबलो. 6 जून 1674 रोजी पुत्राचा राज्याभिषेक डोळे भरून पाहिल्यावर अवघ्या अकरा दिवसांनी, 17 जूनला, ही माउली याच गावी निवर्तली. समाधीजवळची चिमूटभर माती एका मुलाने आईला नेण्यासाठी रुमालाच्या टोकात बांधली. दुसरा हसून म्हणाला, "अरे, माती ती मातीच!" पहिला ओशाळून मजकडे पाहू लागला. त्या वेळी मी काही बोललो नाही. ते उत्तर आज देतो.

बालमित्रांनो, थोरांच्या अवशेषांची ही ओढ कोणा एका धर्माची नव्हे. संत फ्रान्सिस झेवियर 1552 साली चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर वारले. 1554 मध्ये त्यांचे शरीर गोव्यास आणले. दर्शनाच्या गर्दीत एका भाविक स्त्रीने त्यांच्या पायाचे बोट दातांनी तोडून नेले, असे सांगतात. 1614 साली उजवा हात कोपरापासून वेगळा करून रोमला पाठविण्यात आला. जुन्या गोव्यात ते शरीर आजही सुमारे दहा वर्षांनी एकदा लोकांच्या दर्शनास ठेवतात. मागील दर्शनसोहळा 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाला.

मी ज्या मंडळीत वाढलो, तिला हे रुचत नाही. तथापि पवित्र शास्त्र दोन्ही बाजू सांगते. अलीशा संदेष्ट्याच्या अस्थींचा स्पर्श होताच एक मृत मनुष्य उठून उभा राहिला, अशी कथा त्यात आहे. त्याच ग्रंथात हिज्कीया राजाने मोशेचा पितळी सर्प फोडून टाकल्याचेही लिहिले आहे. तो सर्प देवाच्या आज्ञेनेच घडविला होता. पण पुढे लोक त्यालाच धूप जाळू लागले. वस्तू तीच, परंतु ती दाखवीत होती तिकडे कोणी पाहीना.

असे झाले म्हणजे काय अनर्थ होतो, हे पाहण्यास दूर जावयास नको. परतीच्या वाटेवर महाडचे चवदार तळे लागते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तेथील पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्य ओतून त्या तळ्याची 'शुद्धी' केली. पाणी पवित्र ठरले, तहानलेला मनुष्य मात्र अपवित्र! श्रद्धेचा याहून मोठा अपमान तो कोणता?

म्हणून माझे मत असे की, श्रद्धेची परीक्षा वस्तूवरून करू नये. ती वस्तू हाती आल्यावर मनुष्य कसा वागतो, त्यावरून करावी. हसणाऱ्या मुलाने ध्यानात ठेवावे की, दुसऱ्याच्या भक्तीचा उपहास करणे म्हणजे शहाणपण नव्हे. आणि ज्याने माती नेली, त्याने ती खुशाल जपावी. परंतु जिजाऊंची माती आईच्या हाती देताना तिच्या डोईवरचा पाण्याचा हंडाही त्याने आपल्याकडे घ्यावा. एवढे घडले, तर ती माती खरोखरच पवित्र झाली असे मी म्हणेन.