कुठला निरोप कुठल्या मॉडेलकडे?



अल नहदा दोन आहेत: एक दुबईत, एक शारजात. शारजाच्या नहदातून सकाळी दुबईला निघणारा माणूस टोल, गर्दी आणि वेळ बघून रस्ता ठरवतो. एआय मॉडेल एपीआयने वापरणाऱ्या प्रोग्रामलाही असंच ठरवता येतं. फक्त नियम आधी लिहून द्यावे लागतात.

इथल्या एखाद्या छोट्या ट्रेडिंग कंपनीचं उदाहरण घेऊ. इंग्रजी मेल, अरबी भाडेकरार, कामगारांचे हिंदी-मराठी निरोप, सगळं एकाच ठिकाणी येतं. मॉडेलचं नाव कोडमध्येच टाकलं, की दर बदलला किंवा नवं मॉडेल आलं की प्रोग्रामरला फोन! त्यापेक्षा नियम वेगळ्या कॉन्फिग फाइलमध्ये ठेवावेत. लाइटएलएलएमसारखी मुक्त साधनं हेच करतात.

पहिली वाटणी लिपीवरून करा. युनिकोडमध्ये अरबी आणि देवनागरीचे पट्टे वेगळे आहेत, त्यामुळे एवढ्यासाठी एआय लागतच नाही. हिंदी-मराठी मात्र लिपीवरून ओळखू येत नाही. तिथे 'आहे' आणि 'है' असे शब्द बघावे लागतात. अरबीसाठी अबू धाबीत तयार झालेलं, २०२३ मध्ये खुलं केलेलं 'जैस' आहे. मराठीसह दहा भारतीय भाषांसाठी 'सर्वम-१' २०२४ मध्ये आलं. बिल टोकनवर येतं, आणि बऱ्याच मॉडेलांत तोच मजकूर देवनागरीत इंग्रजीपेक्षा जास्त टोकन खातो. म्हणून दर बघताना आपलाच मराठी मजकूर घालून मोजा.

आता खरी गोम. मॉडेल बंद पडलं तर पुढच्याकडे जा, असा पर्यायी रस्ता सगळेच लिहितात. समजा, पासपोर्टची प्रत किंवा पगाराची यादी फक्त ऑफिसच्या सर्व्हरवरच्या मॉडेलकडे जावी असा नियम आहे. सर्व्हर बसला, पर्यायी रस्ता चालू झाला, आणि कामगाराची माहिती गुपचूप परदेशी सर्व्हरवर! स्क्रीनवर उत्तर व्यवस्थित येतं, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. अमिरातीचा २०२१ चा ४५ क्रमांकाचा वैयक्तिक माहितीचा कायदा माहिती देशाबाहेर पाठवण्यावर अटी घालतो. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी त्या कामगाराला विचारलंय कोणी?

म्हणून क्रम असा ठेवा: आधी गोपनीयता, मग भाषा, शेवटी दर. गोपनीय कामाला बाहेरचा पर्याय देऊच नका. सर्व्हर बसला तर प्रोग्रामने सरळ 'आत्ता होत नाही' म्हणावं. कुठला नियम लागला आणि कुठलं मॉडेल वापरलं, याची नोंद ठेवा, पण मजकुराची नको.

या आठवड्यात एकच करा: ऑफिसातलं स्थानिक मॉडेल मुद्दाम बंद करा, खोटा पासपोर्ट नंबर पाठवा आणि तो कुठे जातो ते नोंदीत बघा.