मुलींच्या ताटातील लोह आणि आपली लाज

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या समाजाला मेलेल्या जनावराचे मांस सोडण्यास सांगितले. ते स्वाभिमानाचे आवाहन होते. काळीज, सुकट, नाचणी, शेवग्याचा पाला हे सकस अन्नही हलके मानावे, असा त्याचा अर्थ नव्हे. अमेरिकेत आल्यावर मात्र आपल्यापैकी अनेकांनी तसेच मानले. सुकटीच्या वासाने शेजारी काय म्हणतील, सोबतचे सवर्ण भारतीय आपल्याला कसे ओळखतील, या धास्तीने हे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरातून गेले आणि त्यांची जागा पिझ्झा व गोड पेयांनी घेतली.

या लाजेची किंमत वाढत्या मुलांना, त्यातही मुलींना मोजावी लागते, असे आमचे मत आहे. वयात येताना शरीरातील रक्त व स्नायू झपाट्याने वाढतात. मुलींची पाळी सुरू होते. म्हणून येथील शिफारशीनुसार १४ ते १८ वर्षांच्या मुलीला रोज १५ मिलिग्रॅम लोह लागते, मुलाला ११. कॅल्शियम ९ ते १८ या वयात दोघांनाही १३०० मिलिग्रॅम हवे, कारण हाडांची आयुष्यभराची ठेव याच वर्षांत जमते. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. केवळ देश बदलल्याने हा धोका टळत नाही. मुलगी सतत थकत असेल, तर तिला आळशी न म्हणता डॉक्टरांकडून तिचे हिमोग्लोबिन व फेरिटिन तपासून घ्यावे.

मांस-मासळीतील लोह शरीर सहज शोषते. काळीज आठवड्यातून एकदा पुरे, कारण त्यात 'अ' जीवनसत्त्व फार असते. सुकटीतील बारीक काट्यांतून आणि नाचणीतून कॅल्शियम मिळते. ज्या कुटुंबांनी मांसाहार सोडला आहे, त्यांच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. परंतु डाळी व पालेभाज्यांतील लोह कमी शोषले जाते, म्हणून त्यांवर लिंबू पिळावे आणि जेवणासोबत चहा टाळावा.

सिद्धार्थाने देहदंड सोडून सुजाताची खीर स्वीकारली. झिजलेल्या शरीराने सत्याचा शोध लागत नाही, हे त्याने ओळखले होते. आपल्या मुलींनी शिकावे, संघर्ष करावा असे आपण म्हणतो. तर घरातील सकस अन्नाचा पहिला वाटा त्यांच्या ताटात पडला पाहिजे, आणि तो ताठ मानेने वाढला गेला पाहिजे.